‘व्हर्नाक्युलर’ नावाचे टेबल

गेल्या वर्षी पुण्यातील एका पंचतारांकित हॉटेलात एका मोठ्या उद्योगसमूहाची पत्रकार परिषद होती. सभागृहाच्या दाराशी दोन टेबले मांडलेली होती. एकावर ‘इंग्लिश प्रेस’ अशी पाटी, दुसऱ्यावर ‘व्हर्नाक्युलर प्रेस’. पहिल्या टेबलावर जाडजूड माहितीसंच, आकडेवारीचे तक्ते आणि समूहाच्या अध्यक्षांशी स्वतंत्रपणे बोलण्यासाठी दिलेल्या वेळेची चिठ्ठी. दुसऱ्या टेबलावर दोन पानी प्रसिद्धिपत्रक, तेही इंग्रजीत. पुण्यात, पुण्याच्याच मराठी वृत्तपत्रांसाठी, इंग्रजीत! असे प्रसंग आमच्या व्यवसायात नवे नाहीत आणि त्यांचा संताप यावा असे माझे वयही आता राहिलेले नाही. पाट्या वाचत मी क्षणभर रेंगाळलो, तेवढ्यात एका मराठी दैनिकाचा पंचवीस-सव्वीस वर्षांचा बातमीदार मागून आला आणि अत्यंत आदराने म्हणाला, “सर, आपलं टेबल तिकडे आहे.”

पाटीने मला जे वाटले नव्हते ते त्या ‘आपलं’ या शब्दाने वाटले. त्या तरुणाच्या स्वरात कडवटपणा नव्हता, उपहास नव्हता. रेल्वेच्या डब्यात आपले आसन कोणते ते सांगावे, तितक्या सहजपणे त्याने आपली जागा सांगितली होती. चहाच्या वेळी मी विषय काढला, तेव्हा तो गोंधळला. “पण सर, व्हर्नाक्युलर म्हणजे मराठीच ना? त्यात चुकीचं काय आहे?” प्रश्न रास्त होता. मी त्या वेळी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. भाषेवर पोट भरणाऱ्या माणसाला एका विशेषणाचा अर्थ नीट सांगता येऊ नये, याची रुखरुख मात्र लागून राहिली. म्हणून हे उत्तर, जरा उशिराने.

‘व्हर्नाक्युलर’ या इंग्रजी विशेषणाचे मूळ लॅटिन आहे. रोमन लोकांच्या घरी जे गुलाम असत, त्यांपैकी काही बाजारातून विकत आणलेले, तर काही धन्याच्या घरातच जन्मलेले. या दुसऱ्या प्रकारच्या गुलामाला ‘व्हर्ना’ म्हणत. त्यावरून ‘व्हर्नाक्युलस’ हे विशेषण झाले. अर्थ, घरचा, घरी जन्मलेला, इथलाच. ही व्युत्पत्ती कळली की आपल्यापैकी पुष्कळांचे रक्त तापते. ‘म्हणजे आमची भाषा गुलामांची भाषा काय?’ असा सवाल व्याख्यानांतून केला जातो आणि त्याला टाळ्याही पडतात. परंतु हा सवाल दुबळा आहे. शब्दाच्या जन्मकुंडलीवरून त्याचे चारित्र्य ठरत नाही. सिसेरो आणि व्हॅरो यांच्यासारख्या रोमन पंडितांनी हेच विशेषण अस्सल, परक्याची भेसळ नसलेल्या रोमन वाणीसाठी आणि शब्दांसाठी वापरले, आणि त्यात हीन भाव मुळीच नव्हता. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकाच्या आरंभी आला, तो ‘मातृभाषेचा, लोकांच्या नित्य बोलण्यातला’ याच अर्थाने. तेव्हा केवळ व्युत्पत्तीच्या आधारावर भांडायला निघालो, तर पहिल्याच फेरीत हरू.

खरी मौज पुढे आहे. त्या काळी युरोपात ‘व्हर्नाक्युलर’ भाषा कोणत्या होत्या? इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, इटालियन! लॅटिन ही विद्येची, धर्माची आणि राज्यव्यवहाराची भाषा. आणि तिच्यासमोर हातात टोपी घेऊन उभी असलेली इंग्रजी ही घरगुती, म्हणजेच व्हर्नाक्युलर. इंग्लंडच्या न्यायालयांत तर नॉर्मन विजेत्यांमागून आलेली फ्रेंच बसली होती. सामान्य पक्षकाराला आपल्याविरुद्ध काय बोलले जाते आहे तेच कळत नाही, म्हणून १३६२ साली तिसऱ्या एडवर्डच्या राजवटीत न्यायालयातील युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा करावा लागला. तो कायदा लिहिला गेला मात्र फ्रेंचमध्ये! न्यूनगंडाचे इतके निर्मळ उदाहरण आपल्याकडेही शोधून सापडायचे नाही. न्यायालयीन दप्तरातून लॅटिन जायला तर १७३३ साल उजाडले. आयझॅक न्यूटनने आपला ‘प्रिन्सिपिया’ हा महाग्रंथ १६८७ साली लॅटिनमध्ये लिहिला. प्रकाशावरचा ‘ऑप्टिक्स’ १७०४ साली प्रसिद्ध झाला तो इंग्रजीत. म्हणजे घरच्या भाषेत विज्ञान लिहिता येते हा विश्वास इंग्रजांच्या सर्वश्रेष्ठ वैज्ञानिकाच्या लेखनात त्याच्या हयातीतच उमटलेला दिसतो. बायबल इंग्रजीत आणण्याच्या खटाटोपापायी विल्यम टिंडेलला १५३६ साली प्राणास मुकावे लागले होते. रिचर्ड मल्कास्टर या लंडनच्या शिक्षकाला १५८२ साली इंग्रजी ही लॅटिनइतकीच समर्थ भाषा आहे असे आपल्या देशबांधवांना ग्रंथ लिहून पटवावे लागले. आज ज्या भाषेपुढे आपण दबून बोलतो, तिचे हे चारशे वर्षांपूर्वीचे दिवस आहेत.

आता कालगणना पाहा. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे इसवी सन १२९०ची. इंग्रजीचा आद्य महाकवी म्हणून ज्याचा गौरव होतो तो चॉसर आपल्या ‘कँटरबरी’च्या कथा त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी लिहीत होता. गीतार्थ मराठीत आणणाऱ्या ज्ञानदेवांनी आपल्या भाषेला ‘मऱ्हाटी’ आणि ‘देशी’ अशी दोन्ही नावे दिली आणि ती अभिमानाने दिली. पुढे शिवछत्रपतींनी राज्याभिषेकाच्या सुमारास रघुनाथपंत हणमंते यांच्याकरवी राज्यव्यवहारकोश सिद्ध करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. इंग्लंडच्या न्यायालयांतून लॅटिन जाण्याच्या अर्धशतकापूर्वीची ही गोष्ट आहे. राज्य स्वतःचे असेल तर राज्याचे शब्दही स्वतःचे असावेत, एवढा साधा विचार त्यामागे होता.

मग हे निरुपद्रवी विशेषण आपल्या देशात येऊन विषारी कसे झाले?

उत्तर असे की, येथे त्याचे टोक फिरले. युरोपात ‘व्हर्नाक्युलर’ म्हणणारा माणूस स्वतःच्या भाषेविषयी बोलत होता. हिंदुस्थानात तो दुसऱ्याच्या भाषेविषयी बोलू लागला. कालपर्यंत स्वतः व्हर्नाक्युलर असलेली इंग्रजी कलकत्त्यात उतरताच लॅटिनच्या सिंहासनावर जाऊन बसली आणि आपले जुने घरगुती कपडे तिने येथील सर्व भाषांना वाटून टाकले. मेकॉलेचे २ फेब्रुवारी १८३५चे टिपण सर्वांना ठाऊक आहे. त्यात आपल्या भाषांना पूर्ण भाषेचाही मान नाही. त्या नुसत्या बोली. १८५४चा वुडचा खलिता तुलनेने उदार होता; बहुजनांचे शिक्षण त्यांच्या भाषांतूनच व्हावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. परंतु त्या उदारपणातच दोन मजल्यांची इमारत उभी राहिली. वरच्या मजल्यावर इंग्रजी, तळमजल्यावर व्हर्नाक्युलर, आणि मधल्या जिन्यावर ‘अँग्लो-व्हर्नाक्युलर स्कूल’. त्या जिन्याने वर गेलेला माणूस पुन्हा खाली उतरत नाही, हा अनुभव आपण पिढ्यान्‌पिढ्या घेत आलो आहोत.

या विशेषणाला कायद्याचे दात फुटले ते १८७८ साली. १४ मार्च रोजी लॉर्ड लिटनच्या सरकारने एकाच बैठकीत व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्ट मंजूर केला. देशी भाषेतील पत्राच्या मुद्रकाकडून आणि प्रकाशकाकडून जामीनकतबा घेण्याचा, मजकूर आक्षेपार्ह वाटल्यास अनामत आणि छापखाना जप्त करण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला; त्यावर न्यायालयात दादही मागता येत नव्हती. इंग्रजी पत्रांना हा कायदा लागू नव्हता. म्हणजे एकच वाक्य इंग्रजीत छापले तर ते मत, आणि बंगालीत किंवा मराठीत छापले तर तो अपराध! कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’ने या कायद्याला दिलेले उत्तर प्रसिद्धच आहे, बंगाली आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघणारे ते पत्र पुढल्याच अंकापासून संपूर्ण इंग्रजी झाले आणि सरकार हात चोळीत बसले. ही गोष्ट आपण चातुर्यकथा म्हणून सांगतो आणि हसतो. परंतु या विजयात एक पराभव दडलेला आहे, तो आपण पाहत नाही. सरकारच्या तावडीतून सुटण्यासाठी त्या पत्राला आपली घरची भाषा सोडावी लागली होती.

विलायतेत ग्लॅडस्टनने पार्लमेंटमध्ये या कायद्याविरुद्ध आवाज उठविला आणि पुढे लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीत तो रद्द झाला. परंतु साहेबाला भीती कशाची वाटत होती, हे त्या कायद्याने कायमचे नोंदवून ठेवले. जानेवारी १८८१मध्ये पुण्यात दोन दिवसांच्या अंतराने दोन पत्रे निघाली. इंग्रजी ‘मराठा’ आणि मराठी ‘केसरी’. माणसे तीच, विचार तोच. परंतु १८९७ आणि १९०८ या दोन्ही राजद्रोहाच्या खटल्यांत लोकमान्यांना शिक्षा झाली ती ‘केसरी’तील मराठी मजकुरासाठी. १९०८च्या खटल्यात नऊ ज्युरर होते. सात युरोपीय आणि दोन पारशी. लोकमान्य मंडालेला गेले ते मराठी लेखांच्या सरकारी इंग्रजी भाषांतरावर. ती भाषांतरे चुकीची आहेत, हा मुद्दा त्यांनी स्वतः न्यायालयात हिरिरीने मांडला होता. मूळ मराठीतून त्या लेखांचा निवाडा झालाच नाही. ‘व्हर्नाक्युलर’ म्हणून जिला खालच्या टेबलावर बसविले, ती भाषा त्या साम्राज्याला खटला भरण्याइतकी धोकादायक वाटत होती.

इतके सगळे सांगूनही एक गोष्ट प्रांजळपणे कबूल केली पाहिजे. हा शब्द आपल्याकडे नेहमीच कमीपणाचा नव्हता. माझे आजोबा सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. त्यांची लाकडी पेटी आजही आमच्या घरी आहे. तीत १९३८ सालचे त्यांचे ‘व्हर्नाक्युलर फायनल’चे प्रमाणपत्र आहे. मराठी सातवी झालेल्याची ती परीक्षा. ती उत्तीर्ण झाली की प्राथमिक शाळेत शिक्षकाची नोकरी मिळे आणि गावात मान मिळे. ‘फायनल झालेले मास्तर’ असे लोक म्हणत, ते आजच्या पदव्यांच्या शेपटीला मिळत नाही अशा आदराने. आजोबांचे अक्षर मोत्यासारखे. मोडी झरझर लिहीत आणि पावकी, निमकी, दिडकी मुखोद्गत. वामनपंडित आणि मोरोपंत त्यांच्या बोलण्यात सहज येत. इंग्रजी त्यांना येत नव्हते. त्यामुळे आपण अर्धे आहोत, असे त्यांना कधी वाटल्याचे आम्ही पाहिले नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या थोरांनीही मराठीला विद्यापीठात स्थान मिळावे म्हणून झगडताना इंग्रजीतून लिहिले, तेव्हा हाच शब्द वापरला. त्यांच्या लेखणीत तो नुसता वर्णनाचा शब्द होता.

त्याच घरातला मी १९८७ साली मुंबईच्या एका महाविद्यालयात कला शाखेत दाखल झालो. पहिल्याच आठवड्यात वसतिगृहातल्या मुलांनी मला माझी जात सांगितली. ती होती ‘व्हर्नॅक’. पूर्ण शब्द उच्चारण्याचेही कष्ट त्यांना घ्यायचे नव्हते. व्हर्नॅक म्हणजे ज्याचे बूट चुकीचे, ज्याचे उच्चार चुकीचे, जो वर्गात प्रश्न विचारताना आधी मनात वाक्य जुळवतो आणि ते जुळेपर्यंत तास संपतो. आजोबांच्या प्रमाणपत्रावर जो शब्द भूषण म्हणून छापलेला होता, तो पन्नास वर्षांत नातवाच्या कपाळावर डाग म्हणून आला. आणि ते म्हणणारे कोण होते? साहेबाची मुले नव्हेत. दादर आणि पार्ल्याची, घरी वरणभात खाणारी, गणपतीत आरत्या म्हणणारी मराठी मुले. साहेब जाऊन तेव्हा चाळीस वर्षे झाली होती.

आज तर या विशेषणाचे दोन संसार चालू आहेत. मुळशीच्या बाजूला सध्या मोठमोठी शेतघरे बांधली जातात. वास्तुविशारदाच्या चकचकीत पुस्तिकेत लिहिलेले असते, ‘व्हर्नाक्युलर शैलीतील बंगला’. जांभ्याचे चिरे, मंगलोरी कौले, ओटी, पडवी, शेणाने सारवल्यासारखी दिसणारी जमीन. वास्तुशास्त्रात हे विशेषण गेल्या साठेक वर्षांत प्रतिष्ठित झाले आहे. बर्नार्ड रुडोफ्स्की याने १९६४ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात वास्तुविशारदाविना उभ्या राहिलेल्या लोकवास्तूंचे प्रदर्शन मांडले आणि जगाचे लक्ष तिकडे वळले. आपल्याकडे केरळात लॉरी बेकर यांनी स्थानिक विटा, चुना आणि स्थानिक गवंडी यांच्या बळावर आयुष्यभर तेच करून दाखविले. स्थानिक हवामान, स्थानिक साहित्य, पिढ्यांचे शहाणपण, असा त्या शब्दाचा तेथे अर्थ. घर व्हर्नाक्युलर असेल तर त्याचा भाव वाढतो. त्याच घरातल्या मुलाची शाळा व्हर्नाक्युलर असेल तर? छे! ओटी-पडवी हवी, पण ‘ओटी’ आणि ‘पडवी’ हे शब्द मुलाला नकोत. अंडी गावठी हवीत, कोंबडी गावठी हवी, तूप देशी गायीचे हवे आणि त्याला दुप्पट पैसे मोजायची तयारी आहे. फक्त भाषेच्या बाबतीत गावठी म्हटले की भाव पडतो.

यातला सर्वांत मोठा विनोद ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घडला. केंद्रीय मंत्रिमंडळाने त्या दिवशी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण पेढे वाटले, ते योग्यच झाले. परंतु इंग्रजी भाषेच्या व्यवहारात ‘क्लासिकल’ आणि ‘व्हर्नाक्युलर’ हे जवळजवळ परस्परविरोधी शब्द आहेत. एक विद्येच्या सिंहासनावरचा, दुसरा अंगणातला. इंग्रजी वृत्तपत्रांच्या वाचकाला मराठी ही एका पानावर ‘क्लासिकल’ भेटते आणि दुसऱ्या पानावर, जाहिरातदारांच्या बाजारपेठेची चर्चा असते तेथे, ‘व्हर्नाक्युलर’. आणि यात कुणालाही विसंगती जाणवत नाही.

माझ्या तरुण मित्राच्या प्रश्नाकडे परत येतो. व्हर्नाक्युलर म्हणजे मराठीच, मग चुकले काय? चुकले ते हे की, त्या टेबलावर ‘मराठी’ लिहिलेले नव्हते. दुसऱ्या टेबलावर ‘इंग्लिश’ हे एका भाषेचे नाव होते. आमच्या टेबलावर नाव नव्हते, वर्ग होता. आठव्या अनुसूचीत बावीस भाषा आहेत. त्यांतल्या प्रत्येकीला स्वतःची लिपी-परंपरा, स्वतःचे व्याकरण, स्वतःचे कवी आणि स्वतःची भांडणे आहेत. तमिळ आणि काश्मिरी यांच्यात साम्य ते काय? एवढेच की दोन्ही इंग्रजी नाहीत. भारतात वापरल्या जाणाऱ्या ‘व्हर्नाक्युलर’ या विशेषणाचा सारा अर्थ या नकारात आहे. ‘मराठी वृत्तपत्र’ म्हटले की काहीतरी आहे असे सांगितले जाते. ‘व्हर्नाक्युलर वृत्तपत्र’ म्हटले की काहीतरी नाही असे. राज्यघटनेच्या सतराव्या भागात ‘प्रादेशिक भाषा’ असा शब्दप्रयोग आहे, १९५६ साली समाविष्ट झालेल्या ३५०-अ अनुच्छेदात ‘मातृभाषा’ आहे. चांगले, स्वच्छ, कोणाचाही पाणउतारा न करणारे शब्द उपलब्ध आहेत. तरी जाहिरात संस्था, जनसंपर्क कार्यालये, महाविद्यालयांचे अर्ज या सर्वांना लिटनसाहेबाचाच शब्द लागतो.

यावर काही मित्र सुचवितात की, हाच शब्द आपण अभिमानाने मिरवावा. मला हे पटत नाही. ज्याला स्वतःचे नाव आहे त्याने दुसऱ्याने दिलेले सामायिक नाव मिरवायचे कशाला? दुसरे काही जण म्हणतात, शब्दात काय आहे, शाळा वाचवा. शाळा वाचवायच्याच आहेत. परंतु ज्या आईवडिलांनी आपल्या भाषेचे नाव ऐकतानाच ‘दुय्यम’ असा अर्थ लावायची सवय करून घेतली आहे, ते मुलाला त्या शाळेच्या दारापर्यंत आणतील कशाला? सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली तेव्हा त्यांनाही लोक हसले होते. आज ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ हे शब्द वापरताना कोणाला हसू येते?

साहेबाला दोष देऊन भागणार नाही, कारण हा शब्द आज आपल्याच तोंडी अधिक आहे. आमच्या व्यवसायातली एक गोष्ट सांगतो आणि ती सांगताना मान खाली जाते. मराठी वृत्तपत्रांचे जाहिरात विभाग मोठ्या कंपन्यांना जी दरपत्रके पाठवितात, ती इंग्रजीत असतात. त्यांत स्वतःची ओळख ‘आघाडीचे व्हर्नाक्युलर दैनिक’ अशी करून दिलेली मी स्वतः वाचली आहे. मग त्या हॉटेलातल्या पाटीवर रागावण्याचा अधिकार आपल्याला कितीसा उरतो? ती पाटी लिहिणाऱ्या मुलीने तो शब्द कदाचित आमच्याच दरपत्रकातून उचलला असेल.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका कंपनीचे निमंत्रण आले. सोबत भरून पाठवायचा नमुना होता. ‘इंग्लिश’ की ‘व्हर्नाक्युलर’, एकावर खूण करा. मी दोन्ही खोडून बाजूला ‘मराठी’ असे लिहून पाठविले. दुसऱ्या दिवशी जनसंपर्क कार्यालयातील मुलीचा दूरध्वनी आला. अगदी नम्रपणे, शुद्ध पुणेरी मराठीत तिने विचारले, “सर, तुमचं नाव व्हर्नाक्युलरच्याच यादीत घेऊ ना?” मी म्हटले, “मराठी अशी नवी यादी करा. माझं नाव पहिलं घाला.” ती जरा थांबली. मग म्हणाली, “बरं. तुमच्याच ऑफिसातल्या दुसऱ्या सरांचं काय करू? त्यांनी व्हर्नाक्युलरवर खूण केली आहे.”